अजिंठ्याच्या प्रतींची कथा

अजिंठ्याच्या चित्रांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पद्मपाणीची झुकलेली दृष्टी, मरणासन्न राजकन्या, आरसा हाती घेऊन प्रसाधन करणारी राजस्त्री यांची वर्णने आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. परंतु या चित्रांच्या प्रती कोणी काढल्या, कशासाठी काढल्या आणि त्या प्रतींचे पुढे काय झाले, ही कथा आपल्यापैकी थोड्याच भगिनींना ठाऊक असेल. आज संगणकाच्या साह्याने जुनी चित्रे, मूर्ती, वास्तू आणि पोथ्या यांच्या डिजिटल प्रती करण्याचे, व त्यांतील नष्ट झालेले भाग पुन्हा जुळवून पाहण्याचे काम जगभर चालू आहे. या कामाचे मोल काय आणि त्यात सावधपणा कोठे हवा, हे समजून घ्यायला अजिंठ्याच्या प्रतींइतका चांगला धडा मला दुसरीकडे आढळला नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी मी हाच विषय घेतला आहे.

प्रथम ही चित्रे इतकी नाजूक का, ते पाहू. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर डोंगरात कोरलेली ही सुमारे तीस लेणी. त्यांतील काही इसवी सनापूर्वीची, तर बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील आहेत. भिंतीचा दगड खडबडीत. त्यावर मातीचा गिलावा दिलेला. त्या मातीत भाताचा कोंडा, गवत आणि वनस्पतींचे तंतू कालवलेले आहेत. वर पांढऱ्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. लाल व पिवळी काव, हिरवी माती, काजळी हे साधे रंग. निळा तेवढा लाजवर्दाचा, दूर अफगाणिस्तानाकडून आलेला. युरोपातील खऱ्या भित्तिचित्रात ओल्या चुन्यावर रंग देतात आणि तो चुन्याबरोबर एकजीव होतो. अजिंठ्यात तसे नाही. येथे कोरड्या भिंतीवर डिंकासारखे चिकट द्रव्य घालून रंग लावला आहे. मातीच्या भिंती ज्यांनी लिंपल्या आणि सारवल्या आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. पावसाळ्यात डोंगरातून पाणी झिरपते, गिलावा फुगतो, त्यातील कोंडा किडे खातात, वटवाघळांची घाण साचते आणि एक दिवस पोपडा खाली येतो. पोपड्याबरोबर दीड हजार वर्षांपूर्वीचा एखादा चेहरा जातो. तो पुन्हा भिंतीवर आणता येत नाही.

२८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीच्या निमित्ताने मद्रास फौजेतील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी येथे आला आणि लेणी पुन्हा जगाच्या दृष्टीस पडली. आजूबाजूच्या रहिवाशांना ती ठाऊक असणारच. पण लिहिलेल्या इतिहासात ही तारीख आहे. दहाव्या लेण्यातील रंगवलेल्या खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ती अक्षरे आजही तेथे आहेत. पुढे हौशी प्रवाशांनी भिंतीवरचे चेहरे कापून नेण्याचेही प्रयत्न केले. सोळाव्या लेण्यातील एक तुकडा अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. म्हणजे पाणी आणि किडे यांच्या जोडीला आता माणूसही आला.

१८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, असा आग्रह धरला. त्यावरून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. गिल अजिंठा गावात राहू लागला आणि त्याची जवळजवळ वीस वर्षे या कामात गेली. लेण्यातील अंधार, ताप, वन्य पशू या सर्वांना तोंड देत त्याने मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत प्रती काढल्या. गिल आणि पारो यांची कथा आपल्याकडे कवितेतून आणि चित्रपटातून सर्वश्रुत झाली आहे. तिच्यात मी जात नाही. माझे लक्ष त्या कापडांकडे आहे. ती लंडनला गेली, सिडनहॅमच्या स्फटिकगृहात, म्हणजे क्रिस्टल पॅलेसमध्ये, मांडली गेली आणि ३० डिसेंबर १८६६ च्या आगीत तेथील बहुतेक सर्व प्रती जळाल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या तेवढ्या उरल्या.

या गिलने आणखी एक गोष्ट केली होती, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याने कॅमेरा मिळवून लेण्यांची जोडछायाचित्रे घेतली. एकाच दृश्याची किंचित वेगळ्या कोनातून घेतलेली दोन चित्रे दुर्बिणीसारख्या साधनातून पाहिली, म्हणजे दृश्याला खोली येते. या छायाचित्रांची पुस्तके १८६४ मध्ये लंडनला निघाली. आज संगणक अनेक कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून मूर्तीचा वा लेण्याचा त्रिमित आकार बांधतो. त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

गिलच्या प्रती जळाल्यावर मुंबई सरकारने काम पुन्हा हाती घेतले. सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या तुकडीत होते. सुमारे ३०० चित्रे तयार झाली आणि तीही लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पाठवण्यात आली. तेथे १८८५ मध्ये आग लागली आणि त्यांतील पुष्कळ जळाली किंवा निकामी झाली. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड प्रसिद्ध केले, म्हणून त्या श्रमाचे काही फळ आपल्या हाती लागले. मात्र याच काळात भिंतीवरील मूळ चित्रांची रेषा नीट दिसावी म्हणून त्यांवर व्हार्निश चढवले गेले. त्या वेळी चित्र उजळले; पुढे तेच व्हार्निश काळवंडले. प्रत काढण्याच्या सोयीसाठी मूळ चित्राला हात लावला, की काय होते, याचा हा पहिला दाखला.

आता या कथेत एक स्त्री येते. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्लंडमधील चित्रकर्ती. चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या ग्रंथाचे त्यांचे भाषांतर १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि कोरड्या भिंतीवर वा फळीवर चिकट द्रव्य मिसळून रंगवण्याची जी टेम्परा पद्धत, तिचे पुनरुज्जीवन करणाऱ्या मंडळींत त्या अग्रभागी होत्या. देशातील कलाकृती परदेशी विकल्या जाऊ नयेत म्हणून १९०३ मध्ये जो राष्ट्रीय निधी इंग्लंडात उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या होत्या. अशा जाणत्या बाईने १९०६ मध्ये अजिंठा पाहिला, आणि १९०९ ते १९११ या काळात पन्नाशी उलटल्यावर त्या पुन्हा येऊन फर्दापूरजवळ तंबूंत राहिल्या. भगिनी निवेदिता यांच्या आग्रहाने नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे तरुण बंगाली चित्रकार त्यांच्या मदतीला आले. वेंकटप्पा आणि समरेंद्रनाथ गुप्त हेही होते. हैदराबादचे सय्यद अहमद होते. डोरोथी लार्चर ही इंग्रज चित्रकर्तीही होती. या प्रतींचा ग्रंथ इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये काढला. परंतु तोपर्यंत हेरिंगहॅमबाईंचे मन ढासळले होते. १९११ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांना मानसिक आजाराने ग्रासले आणि १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंतचे आयुष्य त्यांनी रुग्णालयांत काढले. अजिंठ्याच्या ग्रंथांत त्यांचे नाव एका ओळीत येते. मला वाटते, स्त्रियांच्या मंडळाने तरी ते त्याहून थोडे अधिक जिव्हाळ्याने घ्यावे.

या कामाचा लाभ मात्र मोठा झाला. ज्या नंदलाल बोसांनी तेथे तरुणपणी रेषा गिरवली, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुढे आपल्या राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीची सजावट झाली. प्रत काढणे हे निव्वळ नकलेचे काम नव्हे, त्यात हात आणि डोळा घडतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

जपानी चित्रकार आराई कांपो व त्यांचे सहकारी यांनी १९१७-१८ मध्ये प्रती काढून तोक्योला नेल्या. १९२३ च्या भूकंपात शहराला आगी लागल्या, त्यात त्या गेल्या. ही तिसरी आग. त्याच सुमारास, १९२० ते १९२२ मध्ये, निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी जागच्या जागी पक्का केला आणि आज जे शिल्लक आहे त्यातील बराच भाग त्यामुळे टिकला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण रंग धरून राहावा म्हणून त्यांनी वर लाखेचा लेप दिला, आणि कालांतराने तो पिवळा व मग तपकिरी झाला. अजिंठ्याची चित्रे मुळातच अशी धूसर व तांबूस आहेत, असे वाटून आपल्यापैकी कित्येकजणी परतल्या असतील; त्या तांबूसपणात लाखेचा वाटा मोठा आहे. हैदराबादचे गुलाम याझदानी यांनी रंगीत छायाचित्रांच्या आधारे चार भागांत अजिंठा प्रसिद्ध केला. पहिला भाग १९३० चा आणि शेवटचा १९५५ चा. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे ही लेणी आली, १९८३ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि १९९९ पासून त्या विभागाचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह यांनी नवव्या व दहाव्या लेण्यांतील लेप व मळ उतरवण्याचे काम केले. भारतातील अतिप्राचीन चित्रांपैकी काही त्यामुळे पुन्हा दिसू लागली.

येथे क्षणभर जपानकडे वळू, कारण अजिंठ्याची दूरची बहीण म्हणावी अशी चित्रे तेथे होती. नारा शहराजवळ होर्यूजी मंदिराच्या सुवर्णगृहातील भिंतींवर बोधिसत्त्वांची चित्रे होती. त्यांची तुलना पद्मपाणीशी नेहमी केली जाते. त्यांच्या प्रती काढण्याचे काम चालू असतानाच, २६ जानेवारी १९४९ रोजी, त्या गृहाला आग लागली आणि मूळ चित्रे करपून गेली. अजिंठ्याच्या प्रती जळाल्या, येथे मूळच जळाले. परंतु १९३५ मध्ये क्योतोच्या एका मुद्रणसंस्थेने त्या भिंतींची मूळ आकाराची छायाचित्रे काचेच्या तावदानांवर घेऊन ठेवली होती. त्यांच्या आधाराने १९६७-६८ मध्ये जपानी चित्रकारांनी ती चित्रे नव्याने रंगवून मंदिरात बसवली. या आगीनंतर जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी हा दिवस तेथे असा ठेवा आगीपासून वाचवण्याचा दिवस म्हणून पाळतात. त्या काचांच्याही आता डिजिटल प्रती झाल्या आहेत. चौदा वर्षे आधी कोणी तरी शांतपणे, अचूकपणे नोंद करून ठेवली, म्हणून काही हाती राहिले.

ही अचूक नोंद आजच्या साधनांनी कशी होते, ते थोडक्यात सांगते. भिंतीची एकमेकींवर थोडी चढणारी शेकडो लहान छायाचित्रे घेतात. प्रत्येक वेळी शेजारी ठराविक रंगांची पट्टी धरतात, म्हणजे रंग खरा की खोटा ते ताडता येते. संगणक ही छायाचित्रे गोधडीच्या तुकड्यांप्रमाणे जोडून एक अखंड चित्र तयार करतो. त्यात भिंगाशिवाय न दिसणारी भेगही मोजता येते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत छायाचित्र घेतले, तर मळाखालची काजळीची रेषा वर येते. अतिनील किरणांत पाहिले, तर मागाहून दिलेला लेप किंवा केलेली डागडुजी वेगळी चमकते. लेसर किरणांनी लेण्याचा आकार मोजून घेतात. या सर्वांत मुख्य गोष्ट अशी, की भिंतीला हात लागत नाही. व्हार्निश नको, लाख नको, कापड दाबून ठसा घेणे नको. प्रखर झोताने रंगांना इजा होते म्हणून लेण्यांत तो चालत नाही. पण त्यावरही उपाय निघाला आहे. बिनय बहल यांनी १९९१ पासून अतिशय मंद उजेडात अजिंठ्याची छायाचित्रे घेतली आणि १९९८ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. आपल्या नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनीही आयुष्याची अनेक वर्षे या चित्रांना दिली आहेत. मंद उजेडात छायाचित्रे घ्यायची आणि मग संगणकाच्या पडद्यावर, पोपडे गेलेल्या जागी रेषेला रेषा व रंगाला रंग जुळवत मूळ चित्र कसे असेल ते उभे करायचे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप आहे.

या क्षेत्रात एका स्त्रीने केलेले काम तर डोंगराएवढे आहे. चीनमधील दुनहुआंग येथे वाळवंटाच्या कडेला बौद्ध लेणी आहेत. जवळजवळ ४९२ लेण्यांत चित्रे व मूर्ती आहेत. फान जिनशी या पुरातत्त्वविदुषी १९६३ मध्ये तेथे रुजू झाल्या आणि १९९८ ते २०१५ पर्यंत तेथील संशोधनसंस्थेच्या प्रमुख होत्या. १९०८ मध्ये घेतलेली जुनी छायाचित्रे आणि समोरची भिंत त्यांनी ताडून पाहिली, तेव्हा मधल्या काळात काय काय झडून गेले, ते त्यांना कळले. उरलेले तरी नोंदून ठेवावे, या ध्यासातून त्यांनी संगणकाचा मार्ग धरला, तोही १९८० च्या दशकाच्या अखेरीस, जेव्हा संगणक ही दुर्मीळ वस्तू होती. २०१६ मध्ये तेथील तीस लेण्यांची डिजिटल चित्रे जगाला खुली झाली.

एवढे सांगून झाल्यावर सावधपणाची गोष्टही सांगितली पाहिजे. संगणकावर चित्र पुरे केले, म्हणजे चित्र वाचले असे नव्हे. भिंतीवरची भेग तशीच असते. आणि प्रत काढणाऱ्याचा डोळा कधीच रिकामा नसतो. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्या काही चेहऱ्यांवर युरोपीय शिक्षणाची छाया आहे, तर नंदलाल बोसांच्या प्रतींत बंगाली चित्रशाळेची लय आहे. पडद्यावर हरवलेला डोळा भरणारा आजचा कलावंत किंवा त्यासाठी नेमलेले यंत्र, यांच्याही मनात काही एक सौंदर्य आधीच ठरलेले असते. राजकन्येचे गाल गुळगुळीत झाले, दागिने नवेकोरे चमकू लागले, तर ते चित्र दिनदर्शिकेला शोभेल; इतिहासाला चालणार नाही. रोमच्या केंद्रीय संस्थेत चेझारे ब्रांदी यांनी या बाबतीत एक चांगली शिस्त घालून दिली. गळालेल्या जागी रंग भरायचा तर बारीक उभ्या रेषांनी भरावा. दुरून चित्र अखंड दिसावे, पण जवळ गेल्यावर मूळ कोणते आणि भर कोणती ते लगेच ओळखू यावे. संगणकात ही शिस्त पाळणे तर आणखी सोपे आहे. मूळ छायाचित्र तळाशी अबाधित ठेवावे आणि भर वेगळ्या थरावर घालावी. थर उचलला, की सत्य पुन्हा समोर. जो दुरुस्तीकार हा थर उचलून दाखवायला तयार नसेल, त्याच्या चित्रावर विश्वास ठेवण्याआधी आपण दोनदा विचार करावा.

दुसरी सावधगिरी टिकण्याची. कापडाला आगीचे भय, तसे डिजिटल प्रतीला जुने होण्याचे भय आहे. इंग्लंडात १०८६ मध्ये जमिनीची व माणसांची एक मोठी नोंदवही तयार झाली, तिला डूम्सडे बुक म्हणतात. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने लोकांकडून माहिती व चित्रे जमवून एक नवी नोंद मोठ्या चकत्यांवर साठवली. जेमतेम पंधरा-सोळा वर्षांत त्या चकत्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती माहिती खास खटपट करून बाहेर काढावी लागली. चामड्यावर लिहिलेली मूळ वही मात्र आजही वाचता येते. म्हणून डिजिटल प्रत एकदा करून कपाटात ठेवून चालत नाही. लोणच्याची बरणी जशी मधून मधून उघडून पाहावी लागते, तशी ती उघडून पाहावी लागते, नव्या साधनावर उतरवावी लागते, आणि एकाच घरी न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवावी लागते. गिलची कापडे एकाच छताखाली टांगली होती, हेच त्यांचे दुर्दैव.

मंडळातील भगिनी विचारतील, की हे सगळे अजिंठ्याचे आणि दुनहुआंगचे. आमचा त्याच्याशी काय संबंध? माझ्या मते निकटचा संबंध आहे. आपल्या घरांत आजेसासूबाईंच्या ओव्यांच्या वह्या आहेत, मोडीतले कागद आहेत, लग्नातले पिवळे पडलेले फोटो आहेत. मंडळाची जुनी इतिवृत्ते आहेत. त्यांनाही वाळवी आहे, ओल आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाण्याचे भय तर सर्वांत मोठे. आज प्रत्येकीच्या हाती कॅमेरा असलेला मोबाइल आहे. खिडकीच्या उजेडात, झोत न टाकता, कागद सपाट ठेवून, कडेला एक पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. फोटोत कोण कोण आहे, कोणत्या गावी व कोणत्या साली तो काढला, हे सांगणाऱ्या वडीलधाऱ्या बायका आहेत तोवर त्यांना विचारून लिहून घ्यावे. नावाविना फोटो म्हणजे अक्षरे पुसलेला शिलालेख. फाटलेला कोपरा संगणकावर जोडून घ्यायचा तर खुशाल घ्यावा, पण न जोडलेली प्रतही जपावी. आणि प्रत झाली म्हणून मूळ वही टाकून देऊ नये.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात झोक्यावर बसलेली एक स्त्री आहे. ती इरंदती, विधुरपंडिताच्या जातककथेतली. कोण्या चित्रकाराने, बहुधा रोजच्या पाहण्यातल्याच कोणा मुलीवरून, तिला तेथे बसवली. दीड हजार वर्षे ती झोका घेते आहे. शिकारी, प्रवासी, लष्करी अधिकारी, चित्रकार, रसायनतज्ज्ञ असे अनेक जण तिच्यासमोरून गेले. कोणी तिला जपले, कोणी नकळत इजा केली. आपल्या पिढीला तिला हात न लावता तिची नोंद करता येते, हे आपले भाग्य आहे. ती नोंद प्रामाणिकपणे करणे आणि भिंतीची काळजीही सोडून न देणे, एवढे कर्तव्य आपल्याकडे उरते.